कार्ड आणि खाट : सर्वांसाठी आरोग्यसेवेचा प्रश्न

(लातूर येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यातील कोणालाही विसरता येणार नाही. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती आणि चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरच्या परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. त्या वेळी कोणी कोणाला शिधापत्रिका विचारली नाही, जात विचारली नाही, ऐपत विचारली नाही. जो हाती लागला त्याला ढिगाऱ्यातून काढायचे, दवाखान्यात न्यायचे, त्याच्या जखमा शिवायच्या, एवढा एकच नियम त्या दिवसांत चालला. सारा देश लातूर-उस्मानाबादच्या मदतीला धावून आला.

या घटनेला नेमकी तीस वर्षे झाली, त्याच रात्री शेजारच्या नांदेडमध्ये दुसरी घटना घडत होती. ३० सप्टेंबर २०२३ ची मध्यरात्र ते १ ऑक्टोबरची मध्यरात्र या चोवीस तासांत विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवशी आणखी मृत्यू झाले आणि अठ्ठेचाळीस तासांतला आकडा ३१ वर गेला. येथे धरणी हादरली नव्हती. महापूर आला नव्हता, साथ पसरली नव्हती. एक सर्वसाधारण शनिवार-रविवार होता.

त्यानंतर जे घडले ते सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले आहे. एका लोकप्रतिनिधीने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्याची चित्रफीत घरोघरी पोहोचली आणि दोन दिवस चर्चा मृत बालकांची न राहता त्या झाडूची झाली. विरोधकांनी सरकारवर आरोप केले, सरकारने चौकशी नेमली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा, औषधखरेदीचा, आरोग्यावरील तरतुदीचा हिशेब शासनाकडे मागितला. रुग्णालयाचे म्हणणे असे होते की, औषधांचा पुरेसा साठा होता. मात्र बालके कमी वजनाची होती, अनेक रुग्ण खासगी दवाखान्यांतून शेवटच्या घटकेला पाठविले गेले होते आणि सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत एवढे मोठे दुसरे रुग्णालय नसल्याने मंजूर खाटांहून कितीतरी अधिक रुग्ण दाखल होते.

हे म्हणणे खरे मानले, तर प्रश्न सुटत नाही, तो अधिक गंभीर होतो. बालक कमी वजनाचे जन्मले, याचा अर्थ त्याची उपेक्षा त्याच्या जन्मापूर्वी नऊ महिने चालू होती. रुग्ण शेवटच्या घटकेला आला, याचा अर्थ आधीच्या प्रत्येक पायरीवर त्याला कोणीतरी पुढे ढकलले होते. मृत्यूची नोंद विष्णुपुरीत झाली, पण त्याची सुरुवात कुठल्या तरी तांड्यावर, कुठल्या तरी कुलूपबंद उपकेंद्राच्या ओट्यावर झाली होती.

योजनेचा अभाव नव्हता

सर्वांसाठी आरोग्यसेवा हा विषय निघाला की, योजनांची नावे सांगितली जातात. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नांदेडमध्ये योजनेचा अभाव नव्हता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरसह उर्वरित जिल्ह्यांना ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण मिळाले. २८ जून २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सर्वच शिधापत्रिकाधारकांना, पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनाही, पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय केला. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र दुसऱ्या विभागाकडे असल्याने त्या निर्णयाबाहेर राहिली. आजारी माणसाला सरकारचे विभाग दोन आहेत हे ठाऊक नसते. त्याच्या लेखी सरकारी दवाखाना एकच असतो.

म्हणजे महाराष्ट्राने कागदावर सार्वत्रिक आरोग्य संरक्षणाचे तत्त्व स्वीकारले आहे. ही छोटी गोष्ट नव्हे आणि ती करणाऱ्यांना तिचे श्रेय दिलेच पाहिजे. हृदयाच्या झडपेची, मूत्रपिंडाची, कर्करोगाची शस्त्रक्रिया जमीन न विकता झालेली कुटुंबे आज मराठवाड्याच्या गावागावांत भेटतात. पण ज्या जिल्ह्यात ही योजना अकरा वर्षे होती, त्याच जिल्ह्यात एका दिवसात बारा नवजात बालके दगावली. तेव्हा खिशातले कार्ड आणि दवाखान्यातली खाट यांत जे अंतर आहे, तोच आजच्या चर्चेचा खरा विषय आहे.

‘फुकट’ या शब्दाचा घोळ

सर्वांना उपचार द्यावेत, या विचाराला सुशिक्षित समाजातून एक आक्षेप हमखास येतो. फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, ही रेवडी आहे, कर भरणाऱ्याने इतरांच्या आजारपणाचा भार का उचलावा, असे विचारले जाते. आक्षेप घेणारे वाईट हेतूने बोलत नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर वाटल्या जाणाऱ्या वस्तूंचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. म्हणून या आक्षेपाला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर असे की, सरकारी दवाखान्यात काहीही फुकट नसते. केसपेपरच्या खिडकीवर पैसे घेतले जात नाहीत, एवढेच. ते आधी घेतलेले असतात. मुखेड किंवा अहमदपूरच्या आठवडी बाजारात मजूर बाई साबणाची वडी घेते, चपलेचा जोड घेते, मुलासाठी वही घेते, तेव्हा प्रत्येक वेळी ती कर भरते. तिचे नाव आयकराच्या यादीत नसते म्हणून ती करदाती नाही, असे समजणे हा हिशेबातला दोष आहे आणि विचारातलाही. ती दवाखान्याच्या दारात येते ती हात पसरायला नव्हे. तिने आगाऊ भरलेल्या रकमेची सेवा घ्यायला ती आलेली असते.

दुसरे उत्तर राष्ट्रीय विचाराच्या परंपरेतूनच मिळते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी २२ ते २५ एप्रिल १९६५ या दिवसांत मुंबईत चार व्याख्याने देऊन एकात्म मानववादाची मांडणी केली. शिक्षण हे समाजाने आपल्याच भविष्यात केलेली गुंतवणूक आहे, त्याचे शुल्क मुलाकडून मागणे योग्य नाही, हे सांगताना त्यांनी वैद्यकीय उपचारही त्याच मापाने मोजले आणि तेही निःशुल्क असले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. दीनदयाळजी साम्यवादी नव्हते आणि समाजजीवनाची सारी सूत्रे शासनाच्या हाती देण्याचे समर्थकही नव्हते. त्यांच्या मांडणीचा पाया वेगळा होता. समाज हा करार करून एकत्र आलेल्या व्यक्तींचा जमाव नसून ते एक सजीव शरीर आहे. पायात काटा रुतला तर हात तो काढायला जातो. ‘माझा काय फायदा’ असे हात विचारत नाही. आजाऱ्याची सेवा हा जर दानाचा विषय केला, तर घेणारा लाचार होतो आणि देणारा अहंकारी. तो एकात्मतेचा विषय मानला, तर दोघेही सन्मानाने उभे राहतात.

आपल्याकडील जुन्या परंपरेचेही हेच सांगणे आहे. विहीर, तलाव, धर्मशाळा, आरोग्यशाळा यांची उभारणी पूर्तकर्मात मोडत असे. तामिळनाडूतील तिरुमुक्कूडल येथे अकराव्या शतकातील चोल राजा वीरराजेंद्राचा शिलालेख आहे. त्यात मंदिराशी जोडलेल्या पंधरा खाटांच्या रुग्णालयाची नोंद आहे. ती नोंद ‘राजा दयाळू होता’ एवढ्यावर थांबत नाही. वैद्याला किती धान्य, शल्यकर्म करणाऱ्याला किती, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना किती, साठ्यात औषधे कोणती, दिव्याला तेल किती, हे सारे दगडावर कोरून ठेवले आहे. पुण्यकर्मालाही हिशेब लागतो आणि तो सर्वांना वाचता येईल अशा जागी ठेवावा लागतो, हे त्या पूर्वजांना कळत होते.

चिकित्सेचे चार पाद

हिशेबाकडे वळताना चरकसंहितेचा आधार घेता येईल. चरकांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. चारही पाद आपापल्या गुणांनी युक्त असतील तरच उपचार सिद्धीस जातो. मराठवाड्यातील आरोग्यव्यवस्था या मापाने मोजून पाहावी.

पहिला पाद वैद्याचा. लातूरला आणि नांदेडला वैद्य घडविणारी गावे म्हणून महाराष्ट्र ओळखतो. ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून सोलापूरपासून बुलढाण्यापर्यंतचे पालक येथे खोल्या घेऊन राहतात. येथील शिकवणी वर्गांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले वैद्यकीय प्रवेश मिळवितात. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तर खास ग्रामीण भागासाठी म्हणून सत्तरच्या दशकात सुरू झाले. तरीही किनवट-माहूरच्या डोंगरी भागात, मुखेड-देगलूरच्या सीमेवर, देवणी-जळकोटच्या गावांत तज्ज्ञ डॉक्टर मिळणे दुरापास्त आहे. पिकवणाऱ्याच्या घरी धान्य नसावे, असा हा प्रकार आहे. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी, असे बंधपत्र आहे, परंतु दंड भरून ते टाळण्याचीच रीत वर्षानुवर्षे पडली. यात एकट्या तरुण डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या आरोग्यकेंद्रात राहायला धड घर नाही, रात्री वीज नाही, रुग्ण दगावला तर जमावापासून संरक्षण नाही आणि कंत्राट किती महिन्यांचे याचा भरवसा नाही, तेथे राहण्याचा उपदेश शहरातील सभागृहात बसून करणे सोपे असते.

दुसरा पाद औषधाचा. चरकांनी औषधाचे जे चार गुण सांगितले, त्यांत पहिला गुण ‘बहुता’, म्हणजे विपुलता. औषध उत्तम असूनही वेळेला हाती नसेल तर ते नसल्यासारखेच. महाराष्ट्रात २०१७ नंतर शासकीय औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. मागणी, निविदा, पुरवठा यांतील विलंबाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करावे लागले. तामिळनाडूने अशी स्वतंत्र खरेदी यंत्रणा १९९४ मध्येच उभी केली होती. म्हणजे या एका बाबतीत महाराष्ट्र तीन दशके मागे राहिला. ही गोष्ट पैशांच्या अभावाने घडली नाही, रचनेकडे दुर्लक्ष झाल्याने घडली.

तिसरा पाद परिचारकाचा. नवजात बालकाच्या अतिदक्षता कक्षात यंत्र श्वास देते, पण त्या यंत्राकडे रात्री तीन वाजता लक्ष परिचारिकेचे असते. एका परिचारिकेकडे किती बालके असावीत, याला मर्यादा आहे. ती ओलांडली की तिच्या मायेला आणि कौशल्यालाही मर्यादा पडते. भरती न करता कक्ष उभारणे, कक्षाची फीत कापणे आणि मग मृत्यूचे खापर त्याच परिचारिकेवर फोडणे, हे पाप आहे.

चौथा पाद रुग्णाचा. आपल्या वेदना नीट सांगता येणे आणि न घाबरणे, हे चरकांनी रुग्णाचे गुण मानले आहेत. तांड्यावरची बाळंतीण विष्णुपुरीच्या त्या अवाढव्य इमारतीत येते, तेव्हा तिला आपले दुखणे कोणत्या खिडकीवर सांगायचे हेही उमगत नाही. किनवटहून नांदेडपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत. परंतु ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेली, सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहणारी, लोहाची गोळीही न मिळालेली माता प्रसूतीच्या कळा घेऊन त्या रुग्णवाहिकेत बसते, तेव्हा अर्धी लढाई हरलेली असते.

पाण्याची गाडी आणि नदीचे पात्र

आता पैशांचा प्रश्न. तो टाळून आरोग्याच्या हक्काची भाषा बोलणे म्हणजे न वटणारा धनादेश देणे होय. १९४६ मध्ये भोर समितीने, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व या देशासमोर ठेवले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के शासकीय खर्च आरोग्यावर व्हावा, यासाठी २०२५ ही मुदत ठरविली. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार हे प्रमाण २०१४-१५ मध्ये १.१३ टक्के होते. ते २०२१-२२ मध्ये १.८४ टक्क्यांवर आले. याच काळात एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६२.६ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर उतरला. ही प्रगती निश्चितच समाधानाची आहे. तरीही शंभरातले चाळीस रुपये आजारी माणसाने आजारपणातच काढायचे, ही स्थिती कोणत्याही सुसंस्कृत राष्ट्राला शोभणारी नाही.

या चाळीस रुपयांत मोठा भाग शस्त्रक्रियांचा नसतो. तो असतो बाह्यरुग्ण तपासणीचा, गोळ्या-औषधांचा, रक्त-लघवीच्या चाचण्यांचा. रक्तदाब, मधुमेह, दमा, ताप यांचा खर्च महिन्यामहिन्याला होतो आणि विमा योजनेच्या उपचारांच्या यादीत तो बसत नाही. विमा हृदयविकाराच्या झटक्यानंतर धावून येतो. झटका येऊ नये म्हणून दहा वर्षे घ्यायची रक्तदाबाची गोळी मात्र रुग्णाने स्वतः विकत घ्यायची असते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर हा सौदा तोट्याचा आहे.

लातूरकरांना हे समजावण्यासाठी वेगळ्या उदाहरणाची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. ‘जलदूत’ गाडी आली नसती तर या शहराचे काय झाले असते, हे सांगायला नको. ती गाडी हवीच होती. परंतु गाडीवर विसंबून शहर जगत नाही, हे ओळखून त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी काढली आणि मांजरा नदीचे पात्र खोल करण्याचे काम हाती घेतले. आरोग्यातही असेच आहे. पाच लाखांचा विमा ही पाण्याची गाडी आहे. गावातले उपकेंद्र, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आणि तेथील भरलेली पदे हे नदीचे पात्र आहे. पात्र गाळाने भरू द्यायचे आणि गाड्यांची संख्या वाढवीत न्यायची, तर कोणतीही तिजोरी पुरणार नाही.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिका आपल्या उत्पन्नाच्या सुमारे सतरा टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते आणि तरीही तेथे अडीच कोटींच्या आसपास लोक विम्याविना आहेत. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून सर्वांना उपचारांची हमी दिली. परंतु तेथेही नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी काही वर्षांपूर्वी सत्तर लाखांच्या पुढे गेली. हमी असूनही खाट नसेल तर काय होते, हे श्रीमंत देशालाही भोगावे लागते. थायलंडने २००२ मध्ये, अमेरिकेच्या मानाने फार थोड्या उत्पन्नावर, कराच्या पैशांतून सर्वांना संरक्षण दिले. पण त्याआधी त्याने अनेक वर्षे जिल्हा-तालुक्यांची रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवेत पाठविले होते. आधी पात्र, मग पाणी, हाच तो क्रम होय.

नीती कोणाची बिघडते?

फुकट मिळाले की लोक गरज नसता दवाखान्यात गर्दी करतात, असे म्हटले जाते. ज्याने रोजंदारी बुडवून शासकीय रुग्णालयाच्या रांगेत अर्धा दिवस काढला आहे, तो हौसेने तेथे जाणार नाही. नीती बिघडण्याचा धोका आहे, पण तो बहुधा खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. शासनाने नेमलेल्या समितीने ८२,३०९ महिलांची पाहणी केली. त्यांतील १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीच्या स्त्रिया होत्या. कर्करोगाची भीती घालून, कामावरचे खाडे वाचविण्याची लालूच दाखवून गरिबाच्या देहावर व्यापार झाला आणि त्यातल्या बहुतेक जणींनी त्यासाठी स्वतःचे पैसे मोजले होते. नफ्यावर आणि शस्त्रक्रियांच्या संख्येवर चालणाऱ्या व्यवस्थेत देखरेख नसेल तर विम्याचा पैसाही याच वाटेने जाऊ शकतो.

याचा अर्थ सर्व खासगी डॉक्टर लुटारू आहेत, असा मुळीच नाही. योजनेतील दर परवडत नाहीत, देयके महिनोन्महिने मिळत नाहीत, ही लहान रुग्णालयांची तक्रारही अनेकदा रास्त असते. शासनाने दर ठरवायचे आणि पैसे वेळेवर द्यायचे नाहीत, ही सुद्धा अनीतीच आहे. न्याय दोन्ही बाजूंनी हवा.

सेवेचे सामर्थ्य आणि मर्यादा

या शहरात उभे राहून आरोग्यावर बोलताना विवेकानंद रुग्णालयाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९६६ मध्ये लातूर हा जिल्हाही नव्हता. तो व्हायला १९८२ साल उजाडायचे होते. त्या काळात पुण्यात शिकलेले डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी येथे आले. पुण्यात व्यवसाय थाटून सुखाने राहता आले असते. त्यांनी मराठवाड्यातील एक गाव निवडले, संघसंस्कारातून आलेली सामूहिक वृत्ती वैद्यकीय व्यवसायात आणली आणि रुग्णाला परवडेल अशा दरात उत्तम उपचार देता येतात, हे सिद्ध केले. किल्लारीच्या आपत्तीत हे रुग्णालय जखमींसाठी रात्रंदिवस उभे होते. २०१९ मध्ये डॉ. कुकडे यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा तो सन्मान एका व्यक्तीपुरता राहिला नाही. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय याच प्रेरणेचा दुसरा आविष्कार आहे.

परंतु या अभिमानातून एक चुकीचा निष्कर्ष निघू नये. सेवाभावी संस्था आहेत, तेव्हा शासनाने काढता पाय घेतला तरी चालेल, असा तो निष्कर्ष होय. सेवाकार्य दीपस्तंभ होऊ शकते, पण संपूर्ण किनारा त्याला उजळता येत नाही. ध्येयवादी डॉक्टरांचा एक गट एका शहरात उभा राहतो. मराठवाड्यातील प्रत्येक तालुक्यात तो उभा राहील, या भरवशावर बाळंतिणींचे जीव सोडता येत नाहीत. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन होते. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, त्यातही आरोग्याचा अनुशेष होता. १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. सत्तेवर कोणीही असो, हा हिशेब शासनाकडेच मागावा लागेल. सेवाव्रतींनी दाखवून दिलेली गोष्ट एवढीच की, हे काम मराठवाड्यात करता येते. ‘येथे डॉक्टर टिकत नाहीत’ हे कारण त्यांनी खोटे ठरविले आहे.

समाजाचे काम

मग समाजाने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे सुशिक्षित, सुस्थित कुटुंबांनी शासकीय दवाखान्याकडे पाठ फिरविणे थांबवावे. जेथे बोलणारा माणूस जात नाही तेथील भिंतींचे पोपडे कोणाला दिसत नाहीत. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनाही योजनेत घेतल्याचा खरा लाभ तोच आहे. श्रीमंताचा आजार आणि गरिबाचा आजार एकाच व्यवस्थेत आला, तर ती व्यवस्था सुधारण्याची आच सर्वांना लागेल.

दुसरी गोष्ट, रुग्ण कल्याण समित्या आणि गावपातळीवरील आरोग्य समित्या कागदावर आहेत, त्यांत जागरूक माणसांनी बसावे. उपकेंद्रात कोणती औषधे आहेत, परिचारिका कोणत्या दिवशी येते, किती पदे रिक्त आहेत, हे फलकावर लिहिलेले असावे, असा आग्रह ग्रामसभेत धरावा. चोलांच्या शिलालेखाचे काम आज एक फळा आणि खडूही करू शकेल. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवण्याची योजना २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू आहे. गरजू रुग्णाचा हात धरून त्याला तेथपर्यंत नेणारा एक कार्यकर्ता प्रत्येक गावात असावा. चरकांनी सांगितलेला चौथा पाद असाच बळकट होईल.

तिसरी गोष्ट, या जिल्ह्यातून दरवर्षी वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्या मुलांच्या सत्काराचे फलक चौकाचौकांत लागतात. ते अवश्य लागावेत. पण सत्कार करताना त्या मुलाला एक प्रश्न विचारला जावा: बाळा, किमान एक-दोन वर्षे तरी आपल्या भागात देशील ना? आणि तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला राहायला चांगले घर, त्याच्या जिवाला सुरक्षितता आणि गावाचा आदर मिळेल, याची हमी गावाने द्यावी.

किल्लारीत ढिगारा डोळ्यांना दिसत होता, म्हणून सारे धावले. नांदेडच्या त्या बालकांवर कोसळलेला ढिगारा डोळ्यांना दिसला नाही. रिक्त पदांचा, लांबलेल्या निविदांचा, कुलूपबंद उपकेंद्रांचा, उपाशी मातांचा तो ढिगारा वर्षानुवर्षे साचत आला होता. त्या बारांपैकी कित्येकांचे बारसेही झाले नसेल. त्यांच्या नावाने स्मारक उभारता येणार नाही. पुढच्या वेळी कळा सुरू झालेली माता आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेल, तेव्हा तेथे दिवा लागलेला असावा, डॉक्टर जागा असावा आणि तिच्यासाठी एक खाट मोकळी असावी, एवढे मात्र या समाजाच्या हाती आहे. तेवढे झाले तर तिच्या पदराला बांधलेल्या कार्डाला अर्थ येईल.